आत कोन कोन हाय?

पासवर्ड बदलायची वेळ आली की सरूकाकी आम्हा सगळ्याजणींना खोलीबाहेर काढायच्या. मलासुद्धा. गटात कॉम्प्युटर चालवणारी मी एकटी, पगार त्याच कामाचा घेणारी, तरी मीही बाहेर. मग आम्ही गटाच्या मुरूडच्या गाळ्याच्या ओट्यावर उभ्या राहून स्टँडातून निघणाऱ्या एसट्या बघायचो आणि आतून एका बोटानं एकेक बटण दाबल्याचा आवाज यायचा. मध्येच "अगं बाई, ह्यो ए बारका हाय का मोठा?" असं त्यांचं त्यांच्याशीच. बऱ्याच वेळानं दार उघडायचं. "या. झालं." संध्याकाळपर्यंत तो पासवर्ड त्या स्वतःच विसरलेल्या असायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आमची वरात पुन्हा ओट्यावर.

काशीदच्या अलीकडे रस्ता सोडून डोंगराकडे गेलं की त्यांचं गाव. पावसाळ्यात भात, भात काढल्यावर वाल, असं त्यांच्या घरचं वर्ष. अंगानं सडसडीत, पदर कायम कमरेला खोचलेला आणि पायांत रबरी चपला. नवरा गेल्यावर त्यांनी शेती सांभाळली, मुलगा महेश शिकवला, तो नेरूळला नोकरीला लागला, आणि मग रिकामपण सहन होईना म्हणून त्यांनी बायकांचा गट उभा केला. अलिबागकडच्या बायका पांढऱ्या कांद्याच्या माळा पाठवायच्या, काकींच्या गावचे कडवे वाल असायचे, कुणाचं कोकमाचं आगळ, आणि आगरदांड्याच्या रुखसानाचा मसाला आणि सुका जवळा. हे सगळं एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर आमच्या गटाच्या नावानं विकलं जायचं. कांद्याची माळ कुठल्या कुठल्या शहरांत जायची. पत्ता वाचून काकी विचारायच्या, "हे कुठं आलं गं?" मी सांगितलं की त्या बाजूला तोंड करून क्षणभर बघायच्या, जणू भिंतीपलीकडे ते गाव दिसणारच आहे.

मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मुलाखत झाली ती समुद्राकडच्या रस्त्यानं चालत चालत. त्या पुढे, मी मागे. मला शिक्षणाबद्दल काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न: "आपल्या दुकानात आपल्याला न इचारता कुनी शिरलं, तर तुला कळंल का?"

"म्हणजे खात्यात?"

"दुकानच ते. खातं काय नि दुकान काय."

मी म्हटलं, कळेल. त्या थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "मंग उद्या ये."

हा प्रश्न कुठून आला ते मला नंतर रुखसानानं सांगितलं. गटाचं पहिलं खातं पनवेलच्या एका ओळखीच्या माणसानं उघडून दिलं होतं, स्वतःच्या फोन नंबरावर. मालाचे फोटो, नाव, गिऱ्हाइकांनी लिहिलेले चांगले अभिप्राय, सगळं त्यात साठत गेलं. एके सकाळी पासवर्ड चालेना. त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. काही दिवसांनी बायकांना दिसलं की त्यांच्याच नावाखाली, त्यांच्याच फोटोंखाली, कुठल्याशा घाऊक बाजारातला कांदा विकला जातोय आणि गिऱ्हाइकं शिव्या घालताहेत. तक्रारी केल्या, पण खातं ज्याच्या नंबरावर, तो मालक. काकींनी नव्यानं, शून्यापासून, दुसरं खातं उघडलं. त्या दिवसाबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मला माझ्याच दुकानाबाहेर उभं केलं त्यानं."

तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी गाळ्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आत कोन कोन हाय?" म्हणजे खातं कुठकुठल्या फोनवर, कॉम्प्युटरवर उघडं आहे. मी यादी वाचायची. "काकी, एक आपला कॉम्प्युटर, एक तुमचा फोन." "आनि?" "आणि कोणी नाही." "परत बघ." जेवताना उठून विचारायच्या, चहाचा कप हातात घेऊन विचारायच्या. फोनवर बोलताना गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या चालायच्या आणि आम्ही वालाची पाकिटं भरताना पाय आवरून घ्यायचो. कांद्याच्या माळा छताला टांगलेल्या असत. काकी खालून गेल्या की त्या त्यांच्या डोक्याला लागून हलत राहायच्या.

त्यांच्या या धास्तीचा कळस झाला तो दिवाळीच्या तोंडावर. बाजारावर सणाची मोठी विक्री लागलेली, आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, मी दुसरा आणला. नव्या यंत्रावर खातं उघडायचं तर काकींच्या फोनवर एक क्रमांक येणार, तो मला टाकायचा. काकी त्या दिवशी आमसुलं बघायला दिघीला निघाल्या होत्या. मी फोन लावला तेव्हा त्या आगरदांड्याच्या जेट्टीवर, फेरीबोटीत चढत होत्या.

"काकी, फोनवर एक नंबर आलाय बघा. तेवढा वाचा."

"आलाय. न्हाय वाचनार."

"अहो, सगळ्या ऑर्डरी अडकल्यात!"

"तूच शिकवलंस ना, ह्यो नंबर फोनवर कुनालाबी सांगायचा न्हाय?"

"पण मी मीच आहे ना!"

"तू तूच हायेस हे मला हितनं कसं दिसनार?"

फेरी सुटायची वेळ झालेली. काकी उतरल्या. रिक्षा करून मुरूडला परत आल्या, आत शिरल्या, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मग फोनवर तळहाताचा आडोसा धरून मला पडदा दाखवला. तोवर त्या क्रमांकाची मुदत संपली होती. दुसरा मागवावा लागला.

रुखसाना तिथंच होती. ती आणि काकी यांचं रोज वाजायचं. मसाल्याच्या पाकिटाच्या रंगावरून, टेम्पोच्या वेळेवरून, कशावरूनही. त्या दिवशी ती भडकलीच. "काकी, सगळं दुकान तुम्ही तुमच्या पदराच्या गाठीला बांधून ठेवलंय. उद्या खुदा न करो तुम्हाला काही झालं, तर आम्ही सगळ्या बाहेर. मग त्या पनवेलवाल्यात नि तुमच्यात फरक काय राहिला?"

काकींचा चेहरा पडला. मला वाटलं, हीच वेळ. मी त्यांना समजावलं की या खात्यात प्रत्येकीला वेगळा प्रवेश देता येतो. एकीला फक्त ऑर्डरी दिसतील, एकीला मालाची नोंद करता येईल, बँकेचं काम आणखी एकीकडे. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड.

"म्हंजे घराला आनखी दारं पाडायची?"

"दार एकच, काकी. आत आल्यावर प्रत्येकीला फक्त आपल्या खोलीत जाता येईल. आणि कोण कुठे गेलं ते दिसेल."

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू. दिवाळी होऊं दे." दिवाळी झाली. मग म्हणाल्या, वाल येऊं दे. मग शिमगा.

कांद्याच्या भर हंगामात, टेम्पोत माळा चढवताना काकी खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. घाम आला होता, हात छातीशी. त्यांना अलिबागला नेलं, तिथून महेश त्यांना नवी मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. फोन त्याच्याकडे. त्यानं तो बंद करून ठेवला. त्याचंही बरोबर होतं, आईच्या उशाशी सारखा वाजणारा फोन कोण ठेवील?

पण नेमकं त्याच आठवड्यात बाजाराकडून निरोप आला. विक्री अचानक वाढल्यामुळे खात्याच्या मालकाची ओळख पटवायची आहे. मालकानं स्वतः व्हिडिओवर ओळखपत्र घेऊन दिसावं, तोपर्यंत खातं थांबवण्यात येईल. निरोप मी सगळ्यांना वाचून दाखवला. वर छताला नव्या माळा, खाली बांधलेली खोकी, ज्यांवर पत्ते चिकटलेले. दुसऱ्या दिवशी खातं थांबलं. गिऱ्हाइकांचे चौकशीचे निरोप येताना मला दिसायचे, उत्तर मात्र देता यायचं नाही. मी दर थोड्या वेळानं पान उघडायची, तीच लाल अक्षरांतली सूचना बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. काकींसारख्या येरझाऱ्या मी घालायला लागले होते.

शेवटी रुखसाना म्हणाली, "चल, जाऊ. फोन त्या महेशकडून मागून आणू."

वाटेत एसटीत आम्ही काय बोलायचं ते ठरवलं. कांदा किती बायकांचा आहे, त्यांचं वर्ष त्यावर कसं आहे, सगळं. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर महेश भेटला. दाढी वाढलेली, डोळे लाल. आम्हाला बघताच तो तटकन म्हणाला, "आई अतिदक्षता विभागात आहे आणि तुम्ही कांद्यासाठी आलात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुखसानानं माझा हात दाबला. "नाही रे बाबा. काकींना बघायला आलोय. लांबून बघू दे, लगेच जातो."

त्यानं आत नेलं. काचेपलीकडे काकी. नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले, आणि इतक्या निश्चल की मला ओळखूच येईनात. रुखसाना ओढणीत तोंड घालून रडली. महेशला म्हणाली, "जेवलास का?" आणि आम्ही परत आलो. फोनचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. परतीच्या वाटेत मी चिडून विचारलं, "मग गेलो कशाला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो पोरगा एकटा होता गं. त्याच्याकडे काय मागायचं?"

काकी वाचल्या. शुद्धीवर आल्या, साध्या खोलीत आल्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या, "माझा फोन कुठाय?" महेशनं टाळलं, पण त्यांनी नर्सकडून मला फोन लावला. मी सगळं सांगितलं. खातं थांबल्याचंही, आम्ही येऊन गेल्याचंही. त्यांनी एवढंच विचारलं, "रुखसानानं फोन मागितला न्हाय?"

"नाही काकी."

"बरं. महेशला म्हन, माझं आधारकार्ड घेऊन ये."

व्हिडिओवरची ओळख पलंगावरूनच झाली. महेशनं फोन धरला होता. त्यानंच मला नंतर हसत सांगितलं. पडद्यावरची मुलगी सांगत होती, "मॅडम, हलू नका, फोटो येत नाहीये," आणि काकी मान इकडेतिकडे करत तिलाच विचारत होत्या, "बाय, तू कुठून बोलतेस? तुझं नाव काय? तू त्यांचीच हायेस हे मी कशावरनं समजू?" दोन दिवसांनी आमचं दुकान पुन्हा उघडलं. काही माळा सडल्या होत्या, त्या आम्ही वेगळ्या काढल्या. बाकीच्या गेल्या.

काकी बऱ्या होऊन नेरूळला मुलाकडे राहिल्या तेव्हा महेशनं विषय काढला. खातं माझ्या नावावर कर म्हणाला. मी मुलगा आहे, मला हे सगळं कळतं, उद्या पुन्हा असं झालं तर अडणार नाही. बोलणं वाकडं नव्हतं, आणि मनातही त्याच्या काळं नव्हतं. डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलेलं असताना त्या एक दिवस मुरूडच्या गाळ्यात येऊन उभ्या राहिल्या. मागे महेश, बॅग घेऊन.

"सगळ्यांना बोलव," मला म्हणाल्या. "आनि ते खोल्यांचं म्हनत होतीस ना, ते काढ."

दुपारभर आम्ही ते काम केलं. एकेकीचं नाव, एकेकीचा फोन, एकेकीचं काम. काकी प्रत्येकीला विचारत होत्या, "तुला एवढंच दिसनार. चाललं ना?" शेवटी मालकाची जागा राहिली. मी काकींकडे पाहिलं. महेशनंही पाहिलं.

"रुखसानाचं नाव घाल."

रुखसाना उठून उभीच राहिली. "काकी, नको! मला नाही जमणार."

महेशचा आवाज चढला. "आई, परक्या बाईच्या नावावर?"

"परकी कशी? रोज माझ्याशी भांडते ती. जिला खायचं असतं ती गोड बोलते, ही तोंडावर बोलते." आणि मग त्या त्याच्याकडे वळल्या, आवाज खाली आणून. "तुझे बाबा गेले तवा सातबारा तुझ्या नावावर केला का न्हाय? मी एक शब्द बोलले? ते घरचं व्हतं. हे घरचं न्हाय रे, महेश. हे मी तुला देऊ शकत न्हाय. माझं असतं तर दिलं असतं."

महेश बाहेर जाऊन ओट्यावर उभा राहिला. त्या वर्षी गणपतीला तो गावी आला नाही. काकी हट्टानं गावीच राहिल्या होत्या. आरतीच्या वेळी त्यांचं लक्ष देवाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण निर्णय त्यांनी बदलला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दुपारी केली होती. रुखसानाचं नाव घातल्यावर म्हणाल्या, "आता माझं काढ."

"काकी, तुम्हाला काय काढायचं? तुम्ही..."

"मी आत असले तर तुमी सगळ्या मलाच इचारत बसाल. ही मालकीन नुसती नावाला राहील. काढ."

काढलं. त्यानंतर रोज सकाळी गाळ्यातला फोन वाजायचा. काकी घरून, कागदावर लिहून ठेवलेल्या जुन्या पासवर्डनं, खातं उघडून बघायच्या आणि आम्हाला कळवायच्या, "आज पन न्हाय उघडलं. बरं हाय. नीट हाय." ज्या दुकानासाठी आयुष्याची झोप घालवली त्याचं दार रोज ढकलून बघायचं, आणि ते उघडत नाही म्हणून समाधान मानायचं. रुखसाना फोन ठेवल्यावर दिवसभर कुणावर तरी खेकसायची.

थंडीत काकींची तब्येत पुन्हा ढासळली. महेश स्वतः आला आणि त्यांना नेरूळला घेऊन गेला. काय बोलणं झालं मायलेकांत, ठाऊक नाही. नेरूळहून एका सकाळी फोन आला तो आरडाओरड्याचाच. "वृषाली! दार उघडलं! कुनीतरी आत आलंय का बघ! मी गेले आत! आधी रुखसानाला सांग!"

रुखसानानं माझ्या हातातून फोन घेतला. "मीच उघडलंय. मालकीण कोण? मी. मला वाटलं तिला मी आत घेईन."

"मला काढ!"

"नाही काढणार. बघायला दिलंय फक्त. कशाला हात लावता येणार नाही तुम्हाला. लावून बघा."

काकी खरंच लावून बघत असाव्यात. मग हलका आवाज आला, "न्हाय लागत."

"मग? भरोसा आहे ना आता? बसा बघत."

त्या दिवसापासून काकी नेरूळच्या खिडकीशी बसून आमच्या ऑर्डरी बघायच्या. पुढे डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा ऑफिसला जाण्याआधी महेश त्यांना वाचून दाखवायचा. कांदा कुठे चालला, वाल कुठे, कुण्या गिऱ्हाइकानं मसाल्याबद्दल काय लिहिलं. सुरुवातीला तो कंटाळायचा म्हणे. मग स्वतःच विचारायला लागला, ही आगळाची बाटली फुटते कशी, बांधणी बदला म्हणावं. त्याचे असे निरोप माझ्याकडे यायचे आणि मी ते रुखसानाला सांगायची. दोघं एकमेकांशी सरळ बोलत नव्हती.

काकी वैशाखात गेल्या. झोपेत. आम्ही सगळ्याजणी गेलो, गाळा दिवसभर बंद ठेवला. दिवसकार्य झालं, महेश परत कामाला लागला, आणि आम्हीही. ऑर्डरी थांबत नाहीत.

मग एका सकाळी गाळ्यात फोन आला. महेश होता. म्हणाला, "रुखसानाताई आहेत का?"

ताई हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. फोन दिला. रुखसाना ऐकत होती, मान हलवत होती, "हो... हो रे" म्हणत होती. फोन ठेवून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"काकींचं नाव अजून खात्यात आहे म्हणाला. म्हणाला, आईला हे चाललं नसतं. जो माणूस नाही त्याच्या नावानं दार उघडं ठेवायचं नाही. तिनं पहिली शिवी मला घातली असती म्हणाला."

मी पान उघडलं. काकींच्या नावासमोरचं 'काढा' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, या व्यक्तीचा प्रवेश कायमचा काढायचा आहे का? रुखसानानं तो अक्षरं लावत वाचला. 'कायमचा' या शब्दापाशी ती थोडी अडखळली. मग तिनं माझ्या हातातून माऊस घेतला.

"सर बाजूला. हे माझं काम आहे," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.